नववीतला मुलगा सकाळी उठत नाही, व्हॅन चुकते. काय करू?

पिंपळपान
मुलगा नववीत, शाळा सकाळची. अलार्म, पाणी शिंपडणं, फोन जप्त करणं, सगळं करून झालं. डायरीत लाल शाईचे शेरे, आता शाळेने बोलावलंय. ‘लवकर झोपवा’ हा सल्ला कृपया नको. दहाला दिवे बंद करते, तो बारापर्यंत नुसता लोळत असतो. सोमवारपासून घटक चाचणी आहे. जरा लवकर सांगा.

कुंपणावरचा
शाळेची घंटा किती वाजता? व्हॅन किती वाजता? रविवारी कधी उठतो? संध्याकाळी क्लास, चहा-कॉफी? झोपेत घोरतो का? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

शिस्तप्रिय
व्हॅन बंद करा. चुकली की चालत जाऊ दे. वेळ पाळणं हा संस्कार आहे, तो लाडाने होत नाही. तासभर वर्गाबाहेर उभा राहिला की आपोआप उठेल.

आडवाटेने
@शिस्तप्रिय, बाहेर उभा राहिला की पहिला तास बुडतो, झोप तिथेच राहते. आधी एक तपासा: संध्याकाळच्या क्लासला, क्रिकेटला वेळेवर पोचतो का? पोचत असेल तर त्याला वेळेची किंमत कळते, अडचण फक्त पहाटेची आहे. तिथेही उशीर होत असेल तर मात्र तुमचं म्हणणं खरं.

पिंपळपान
घंटा ७:१०, व्हॅन ६:२५. क्लास आहे. खेळायला दहा मिनिटं आधीच हजर असतो. रविवारी दहापर्यंत झोपू देते, आठवडाभर दमतो बिचारा. घोरण्याचा इथे काय संबंध?

झोपाळू_नसलेला
रविवारचे दहा, घोळ तिथेच आहे. वयात येताना मेलाटोनिन (रात्र झाली हे शरीराला सांगणारं संप्रेरक, म्हणजे हार्मोन) रात्री तास-दोन तास उशिरा वाढायला लागतं, म्हणून दहाला दिवे घालवले तरी झोप येत नाही. त्यात रविवारी दहाला उठला की शरीराचं घड्याळ आणखी मागे पडतं आणि सोमवारची पहाट त्याला मध्यरात्रीसारखी लागते.

त्यामुळे झोपायची वेळ सोडा, उठायची धरा. रविवारी शाळेच्या दिवसापेक्षा जास्तीत जास्त एक तास उशीर. झोप राहिली असेल तर दुपारी वीस मिनिटांची डुलकी, तीही चारच्या आत. उठल्या उठल्या वीस-तीस मिनिटं बाल्कनीत किंवा गच्चीत. खोलीतली ट्यूबलाइट जेमतेम दोन-तीनशे लक्स (उजेडाचं माप) देते, नीट उजाडल्यावर पावसाळी ढगाळ आभाळही काही हजार देतं. सध्या सहा-सव्वासहाला उजाडतं तोवर हे जमेल. जानेवारीत मुंबई-पुण्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, तेव्हा व्हॅन अंधारातच निघते. मग मधल्या सुट्टीत वर्गात न बसता मैदानावर. चहा-कॉफी दुपारी तीननंतर बंद. कॅफीन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात.

सुट्टीत घड्याळ पुढे आणायचं असेल तर दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं. एकदम दोन तास ओढलंत तर तिसऱ्या दिवशी फसतं. सोमवारपर्यंत हे होणार नाही. तोवर सकाळचं काम कमी करा: आंघोळ रात्री, दप्तर भरून दाराशी, गणवेश-मोजे खुर्चीवर. ५:५० ला उठवा आणि पंधरा-वीस मिनिटं प्रश्न विचारू नका, तो गुंगीतच असतो. “डब्याला काय देऊ?” वरून भांडण पेटतं ते त्याच वेळी.

गोळीबंद
एवढा खटाटोप कशाला? मेलाटोनिनच्या गोळ्या मिळतात, रात्री एक द्या.

झोपाळू_नसलेला
वाढत्या मुलाला मनाने देऊ नका. ती झोपेची गोळी नव्हे, घड्याळ सरकवणारं संप्रेरक आहे. चुकीच्या वेळी घेतलं तर उलटं सरकतं. वेळ आणि मात्रा डॉक्टरच ठरवतील.

चावीवाला
फोनचा अलार्म कुचकामी, स्नूझ दाबला की संपलं. दोन घंट्यांचं चावीचं घड्याळ घ्या, रिकाम्या स्टीलच्या डब्यात उभं करा, डबा कपाटावर. अख्खी सोसायटी उठते.

शिस्तप्रिय
म्हणजे सोसायटी उठणार, मुलगा नाही. 😀

वाचनमात्र
पण सरकारने शाळा नऊनंतर केल्यात ना २०२४ मध्ये?

आडवाटेने
ते चौथीपर्यंतच. खरी गरज मोठ्यांना, सवलत लहानांना. लहान मुलं तशीही पहाटे टुणकन उठतात. सिएटलने २०१६ मध्ये बरोबर उलटं केलं: प्राथमिक लवकर, माध्यमिक ७:५० ऐवजी ८:४५. मनगटावर यंत्र बांधून मोजलं तर मुलांची झोप सरासरी ३४ मिनिटांनी वाढली होती. कॅलिफोर्नियात तर कायदाच आहे, २०२२ पासून हायस्कूल साडेआठच्या आधी नाही.

शिस्तप्रिय
आपल्याकडे एका इमारतीत दोन पाळ्या, व्हॅनच्या दोन फेऱ्या. नऊला माध्यमिक भरवली तर प्राथमिकची मुलं कुठे बसवणार?

आडवाटेने
पाळ्यांची अदलाबदल करा, इमारत तीच. पालक सभेत लेखी मागा. पण हे अवांतर झालं, थांबतो.

पिंपळपान
रविवारी सातला उठवलं तर घरात महाभारत होईल. शिवाय क्लास सव्वानऊला सुटतो, जेवण दहाला.

कुंपणावरचा
जेवण दहाला तर दिवे दहाला बंद कसे होतात?

पिंपळपान
बरं, पावणेअकरा. कधी अकरा.

झोपाळू_नसलेला
हे आधी सांगायचं ना! मग पोळी-भाजी क्लासला जायच्या आधी, सहाला. परतल्यावर कपभर दूध किंवा वरणभात, तोही थोडा. आल्यापासून घरातले मोठे दिवे बंद, एक पिवळा दिवा पुरे. क्लासची आधीची बॅच मिळते का ते विचारा, त्याने सगळ्यात जास्त फरक पडेल. रविवारच्या महाभारतावर तोडगा: त्याचा खेळच सकाळी साडेसातला लावा. तिथे तो दहा मिनिटं आधी पोचतो म्हणता ना.

कुंपणावरचा
घोरण्याचं राहिलंच.

पिंपळपान
घोरतो हो. पण त्याला बारा महिने सर्दी असते म्हणून. तोंड उघडं टाकूनच झोपतो.

कुंपणावरचा
मग चाचणी झाल्यावर पहिलं काम, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. टॉन्सिल किंवा ॲडिनॉइड (नाकामागच्या गाठी) वाढले असतील, नाहीतर ॲलर्जीने नाक बंद असेल, तर श्वास अडून झोप रात्रभर मोडत राहते. असा मुलगा आठ-नऊ तास पडून राहिला तरी सकाळी पेंगतोच. जाण्याआधी तो गाढ झोपेत असताना मिनिटभर व्हिडिओ काढून ठेवा. छाती-पोट दिसलं पाहिजे, आवाज चालू. श्वास मध्येच थांबून दचकल्यासारखा परत सुरू होतो का, हे डॉक्टरांना त्यात दिसेल. हिमोग्लोबिन आणि फेरिटिनबद्दलही (शरीरातला लोहाचा साठा) विचारा.

पिंपळपान
आज रात्रीच काढते. शाळेला काय लिहू तेवढं सांगा कोणीतरी.

चावीवाला
घड्याळ घेताना रेडियमचे काटे बघून घ्या.