छोटं पिस्तूल पण .४५ हवंय, रोज कमरेला लावायला कुठलं घ्यावं? (टेक्सास)

सातारकर_कॅटी
नमस्कार मंडळी. ह्यूस्टनजवळ कॅटीला असतो, गेल्या वर्षी सिटिझनशिप झाली. स्वतःचं छोटं स्टोअर आहे, रात्री साडेदहाला शटर ओढायचं, गल्ल्यातली कॅश पिशवीत घालायची आणि एकट्याने गाडीपर्यंत जायचं, असा रोजचा क्रम. दोन महिन्यांपूर्वी पार्किंगमध्ये एकजण माझ्या मागोमाग आला, लायटर मागितला आणि निघून गेला, झालं काहीच नाही, पण घरी पोचेपर्यंत स्टिअरिंगवरचे माझे हात थरथरत होते. तेव्हापासून डोक्यात आहे. लायसन्सचा कोर्स पुढच्या महिन्याचा बुक केलाय.

आता प्रश्न पिस्तुलाचा. शेजारचे गृहस्थ आर्मीतून रिटायर झालेले, त्यांच्याकडे १९११ (अमेरिकन आर्मीचं जुनं .४५ पिस्तूल) आहे, ते म्हणतात चारने सुरू होत नाही ते कॅलिबर (गोळीचा व्यास, .४५ म्हणजे साधारण ०.४५ इंच) घेऊच नकोस, एक गोळी लागली की समोरचा खाली बसला पाहिजे. म्हणून .४५ च बघतोय पण आकार छोटा हवा. तीन नावं काढलीत: ग्लॉक ३०, स्मिथ अँड वेसनचं शील्ड .४५ आणि स्प्रिंगफील्डचं एक्सडीएस .४५. उंची ५ फूट ६, वजन ६४ किलो, हात लहान आहेत, अंगात टीशर्ट नाहीतर हाफ शर्ट कारण इथल्या उन्हाळ्यात जॅकेट घालणं शक्यच नाही. आयुष्यात दोनदाच नेमबाजीच्या रेंजवर गेलोय. घरात ११ वर्षांचा मुलगा आहे. बजेट सगळं धरून ८०० डॉलर. कोणी रोज लावत असेल तर खरा अनुभव सांगा.

ऑस्टिनचा_पाटील
दादा, मी शील्ड .४५ दोन वर्षं कमरेला लावलं म्हणून सांगतो. पिस्तूल वाईट नाही, उलट .४५ मध्ये एवढं सपाट मिळणं कठीण, जाडी इंचभर, रिकामं वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास, सहा गोळ्यांचं एक आणि सात गोळ्यांचं एक अशी दोन मॅगझिन मिळतात. शर्टाखाली अजिबात कळत नाही. अडचण लावण्यात नाही, चालवण्यात आहे.

.४५ ची नेहमीची गोळी २३० ग्रेनची (साधारण १५ ग्रॅम), बंदुका बनवणाऱ्या जॉन ब्राउनिंगने ती बनवली ती १९११ सारख्या पाच इंची नळीच्या आणि किलोभर वजनाच्या लोखंडी पिस्तुलासाठी. तीच गोळी सव्वातीन इंचाच्या प्लॅस्टिक फ्रेममधून सोडली की झटका सगळा हातात येतो, पहिली गोळी नीट जाते, दुसरीला पिस्तूल मुठीत फिरलेलं असतं आणि परत पकड बसवायला वेळ जातो. पन्नास गोळ्यांनंतर अंगठा आणि पहिल्या बोटामधली कातडी लाल व्हायची माझी. मग काय होतं, माणूस रेंजवर जायचं टाळायला लागतो. मी महिन्यातून दोनदा जायचो ते तीन महिन्यांतून एकदावर आलं आणि एका शनिवारी सात यार्डांवर, म्हणजे आपल्या हॉलच्या लांबीएवढ्या अंतरावर, माझ्या सातातल्या तीन गोळ्या कागदाच्या खाली डावीकडे बाहेर गेल्या. त्या दिवशी घरी येताना मी बायकोला सांगितलं की हे माझ्या कमरेला असून उपयोग नाही.

आता सिग पी३६५ एक्सएल आहे, ९ एमएम, मॅगझिनमध्ये बारा आणि नळीत एक गोळी. गोळ्यापण स्वस्त पडतात, .४५ चा डबा आमच्या इथे जवळजवळ दीडपट पडतो.

जुना_रेंजवाला
पाटलांशी बऱ्यापैकी सहमत पण .४५ ला एकदम मोडीत काढू नका. मी ग्लॉक ३० लावतो, सात वर्षं झाली. दहा गोळ्या बसतात, नळी पावणेचार इंच, आणि भरल्यावर वजन साडेनऊशे ग्रॅमच्या घरात जातं, तेच वजन झटका खातं. शील्डपेक्षा हे चालवायला कितीतरी सोपं. पण मी ६ फूट आहे, पंजा मोठा आहे, आणि ही मूठ जाड आहे हे खरं. सातारकर, तुमच्या लहान हातात ट्रिगरपर्यंत बोटाचं फक्त टोक पोचेल आणि मग ओढताना पिस्तूल बाजूला सरकतं. दुकानात गेल्यावर एक करून बघा, विक्रेत्याकडून रिकामं असल्याची खात्री करून घ्या, स्वतःच्या डोळ्यांनी चेंबर (नळीच्या मागची गोळी बसते ती जागा) बघा, मग मूठ पूर्ण धरा आणि बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर आरामात बसतं का ते बघा. नाही बसलं तर ते पिस्तूल तुमच्यासाठी नाही, मग कॅलिबर कुठलंही असो.

आणि शेजारच्या काकांचा मान राखून सांगतो, एका गोळीत माणूस खाली बसतो हा हँडगनबद्दलचा जुना समज आहे. १९८६ ला मायामीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले, त्या चकमकीत एक ९ एमएमची गोळी हल्लेखोराच्या छातीत शिरूनही हृदयाच्या अलीकडे थांबली होती. त्यानंतर एफबीआय १० एमएमकडे गेली, तिथून .४० कडे, आणि गेल्या दशकात परत ९ एमएमवर आली. कारण दोन: आताच्या हॉलो पॉइंट गोळ्या (टोकाला पोकळी असलेल्या, आत शिरल्यावर उमलणाऱ्या) शरीरासारख्या जिलेटिनच्या चाचणीत बारा ते अठरा इंच आत जातात, ९ असो की .४५ फरक फार राहिला नाही, आणि बहुतेक एजंट ९ एमएमने जास्त पटकन आणि जास्त नेमकं मारत होते.

.४५ च घेणार असाल तर एक लक्षात ठेवा, छोट्या नळीत वेग कमी होतो आणि हॉलो पॉइंट नीट उमलत नाही, म्हणून आखूड नळीसाठी वेगळ्या बनवलेल्या गोळ्या मिळतात त्या घ्या.

मीरा_फ्रिस्को
सगळे पिस्तुलाबद्दल बोलतायत, मला त्या ११ वर्षांच्या मुलाबद्दल बोलायचंय. दादा, ८०० मधले आधी दीडशे-दोनशे बाजूला काढा, बेडजवळ भिंतीला किंवा पलंगाला बोल्टने बसणारी, बटणांच्या कोडची छोटी तिजोरी. कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं म्हणजे लपलं असं समजू नका, माझ्या मुलाने नवव्या वर्षी दिवाळीचा फराळ स्टूलावर मोडा ठेवून काढला होता. टेक्सासमध्ये निष्काळजीपणे ठेवलेलं भरलेलं शस्त्र १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं तर तो गुन्हाच आहे, आणि गुन्हा नसता तरी काय. मुलाला एकदा स्वतः समोर बसवून सांगा की दिसलं तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं आणि मोठ्यांना सांगायचं.

दुसरं, आपल्या मंडळाचे कार्यक्रम बहुतेक शाळेच्या ऑडिटोरियममध्ये असतात. शाळेच्या इमारतीत लायसन्स असलं तरी नेता येत नाही, शनिवारी गणपती असला तरी शाळा ती शाळाच. बारच्या दारावर लाल ५१ टक्क्यांची पाटी (म्हणजे निम्म्याहून जास्त कमाई दारूची) असेल तर तिथेही नाही, पोस्ट ऑफिसमध्ये नाही. म्हणजे गाडीत ठेवावं लागणार, तर सीटखाली केबलने बांधलेली पेटी हवी, ग्लव्ह बॉक्समध्ये टाकून आरतीला जाऊ नका. गाड्या फोडून पिस्तुलंच चोरतात.

नवीन_डॅलस
मध्येच विचारतो, मी एच१बी वर आहे, टेक्सासमध्ये आता लायसन्सची गरज नाही असं ऐकलं, मग मी घेऊ शकतो का?

जुना_रेंजवाला
@नवीन_डॅलस थांबा. २०२१ च्या सप्टेंबरपासून २१ वर्षांवरच्यांना परमिटशिवाय बाळगता येतं हे खरं, पण ज्याला मुळात कायद्याने बंदूक बाळगता येते त्यालाच. एच१बी सारख्या व्हिसावर फेडरल कायद्याने मनाई आहे. शिकारीच्या वैध लायसन्सचा एक अपवाद आहे पण वकिलाशी बोलल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका, दुकानात बंदूक खरेदीचा ४४७३ हा फेडरल फॉर्म भरावा लागतो आणि त्यात चुकीचं उत्तर दिलं तर इमिग्रेशन कायमचं बिघडेल. ग्रीन कार्ड झालं की प्रश्न मिटतो.

आणि सातारकर, परमिट लागत नाही म्हणून कोर्स रद्द करू नका. मुलाला शाळेत सोडायला जाता ना, फेडरल कायद्यात शाळेच्या हजार फुटांत राज्याचं लायसन्स असलेल्याला सूट आहे, नसलेल्याला नाही. शिवाय ते लायसन्स दुसऱ्या बऱ्याच राज्यांत चालतं.

ऑस्टिनचा_पाटील
अजून एक, हे कोणी सांगत नाही. रेंजची बॅग वेगळी ठेवा आणि ती प्रवासाला कधीही वापरू नका. माझ्या ओळखीतल्या एकाच्या सॅकच्या कप्प्यात एक गोळी राहिली, फक्त एक, आणि ती मुंबई एअरपोर्टवर परत येताना स्कॅनरमध्ये दिसली. आर्म्स ॲक्टखाली केस, विमान गेलं, वकील, तारखा. भारतात ९ एमएम आणि .४५ दोन्ही प्रतिबंधित बोअर आहेत, म्हणजे सामान्य माणसाला लायसन्सवर मिळत नाहीत, गावाकडे लायसन्सवाल्यांच्या कमरेला .३२ दिसतं ते त्यामुळेच.

आणि दादा, खरं सांगू का, साडेदहाला एकट्याने कॅश घेऊन बाहेर पडणं हेच आधी बदला. पिस्तूल नंतर.

सातारकर_कॅटी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवारी रेंजवर गेलो, तिथे भाड्याने देतात, एका दुपारी चार चालवून बघितली. ग्लॉक ३० ची मूठ माझ्या हातात मावलीच नाही, इथले जुना_रेंजवाला म्हणाले तसं बोटाचं टोकच पोचत होतं. शील्ड .४५ हातात छान बसलं आणि पहिली गोळी बरोबर मधे गेली, मला वाटलं झालं काम. मग तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी मला न दाखवता मॅगझिनमध्ये मधेच एक डमी गोळी घातली. चौथ्यांदा ट्रिगर ओढला, आवाज झालाच नाही, आणि पिस्तुलाचं तोंड दोन इंच खाली गेलेलं मला स्वतःला दिसलं. म्हणजे झटका येणार म्हणून मी आधीच हात दाबत होतो आणि मला पत्ताच नव्हता. ग्लॉक ४३एक्स वर, ९ एमएम, तेच केलं तर तोंड जरासंच हललं, दहातल्या नऊ गोळ्या ताटलीएवढ्या जागेत.

घरी येऊन आरशासमोर टीशर्ट घालून रिकाम्या होल्स्टरने (कमरेला लावायचं पिस्तुलाचं म्यान) वाकून बघितलं, दुकानात पाण्याचे क्रेट उचलतो तसं. साध्या पट्ट्याने सगळं पुढे लोंबतं, म्हणून आधी जाड पट्टा आणि ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर मागवलं. ४३एक्स च घेतोय. मीराताई, तिजोरी आजच ऑर्डर केली, पिस्तुलाच्या आधी येईल. बायको म्हणाली कोर्सला मीपण येणार, घरात असणार असेल तर मलाही यायला हवं.

शेजारच्या काकांना सांगितलं, ते थोडे नाराज झाले, मग म्हणाले शनिवारी चल, माझं १९११ चालवून बघ.

आणि पाटील, तुमचं ऐकलं. कॅश आता संध्याकाळी उजेडातच बँकेत टाकतो, उरलेली दुकानातल्या तिजोरीत. बाजूच्या टाको दुकानातला माणूसही साडेदहालाच बंद करतो, कालपासून आम्ही दोघं एकमेकांचं शटर बंद होईपर्यंत थांबतो आणि बरोबरच गाडीकडे जातो.