एका दिवसात डॉमिनिका? मग न गेलेलं बरं

घाटवाट: आमच्या न्यू जर्सीच्या मंडळींत परत क्रूझचं वारं आलंय. सात रात्री, पाच बेटं, त्यातलं एक डॉमिनिका. (डॉमिनिकन रिपब्लिक नव्हे हो! हे मेहुल चोक्सी प्रकरणात नाव ऐकलेलं कॅरिबियनमधलं चिमुकलं बेट. ७५० चौरस किलोमीटर, वस्ती सत्तर हजारांच्या आसपास.) माझं मत स्पष्ट आहे. सकाळी राजधानी रोसोच्या धक्क्यावर उतरून संध्याकाळी परत जहाजावर चढायचं असेल, तर इथे जाऊच नका. पांढऱ्या वाळूत लोळायला बाकीची बेटं आहेत. इथली वाळू बहुतेक काळी, आणि बघण्यासारखं आहे ते डोंगरात.

आम्ही नऊ दिवस होतो. लोदा गावाजवळून बॉइलिंग लेकला, म्हणजे उकळत्या तळ्याला गेलो. जाऊन-येऊन साधारण १३ किलोमीटर, पण चढउतार असे की साडेसात तास लागले. वाटेत व्हॅली ऑफ डेसोलेशन लागते. तिथे गाइडने पिशवीतून अंडी काढली आणि उकळत्या डबक्यात सोडली. गंधकाचा दर्प एवढा की अंडं नासलंय की हवा, तेच कळेना. बायकोची चांदीची अंगठी रात्री पाहिली तर काळी ठिक्कर. तळ्यावर पोचलो तर नुसती वाफ. वीस मिनिटं कड्यावर बसून राहिलो, मग वारा फिरला आणि खाली राखाडी-निळं पाणी दिसलं, मधोमध भाताच्या आधणासारखं खदखदणारं. क्रूझवाल्यांच्या नशिबी फ्रिजवरचं मॅग्नेट.

सुलभामावशी: तुमचे गुडघे शाबूत आहेत म्हणून हे सुचतंय. माझे दोन्ही बदललेत, वय ६८. मी क्रूझनेच गेले. व्हॅनने ट्रॅफल्गारला नेलं, थोडं चालल्यावर दोन्ही धबधबे समोर. मला तेवढ्यात भरून पावलं. व्हॅनवाला वाटेत मारिया वादळाचं सांगत होता, सप्टेंबर २०१७चं. एका रात्रीत घराचं छप्पर गेलं, आणि सकाळी दार उघडलं तर हिरवा डोंगर तपकिरी, झाडावर एक पान नाही. 'जाऊच नका' म्हणणं सोपं आहे. त्याची त्या दिवसाची कमाई आम्हीच होतो.

घाटवाट: मावशी, राग नको. पण नाश्ता जहाजावर, जेवण जहाजावर, झोप जहाजावर. बेटावर किती डॉलर सुटले?

हिशेबी: शून्यापेक्षा जास्त. हे बेट केळ्यांवर जगायचं. ब्रिटनच्या बाजारात सवलत होती, ती नव्वदच्या दशकात जागतिक व्यापार संघटनेतल्या भांडणात डळमळली आणि मळे बसत गेले. आता पर्यटन नको तर काय करायचं त्यांनी? बॉइलिंग लेककडे केबल कार न्यायचं काम निघालंय, त्यावरही ट्रेकवाले नाकं मुरडतात. रायगडाला रोपवे झाला तेव्हा आपल्याकडेही हेच ऐकलं. आज माझी आई त्यानेच गडावर जाते.

घाटवाट: रायगड उकळत नाही. हे तळं मॉर्न त्रुआ पितों राष्ट्रीय उद्यानात आहे, १९९७ पासून जागतिक वारसा. आणि ज्वालामुखीचा नेम नसतो, २००४-०५ मध्ये तळं चक्क आटलं होतं, मग पुन्हा भरलं. खांब रोवून तिथे गर्दी नेणार, आणि पाणी नसलं तर?

वेताची_टोपली: तुम्ही दोघं तळ्यावरच अडकलात. पूर्व किनाऱ्यावर कालिनागो लोक राहतात, कोलंबसाच्या आधीपासूनचे. १९०३ मध्ये ब्रिटिशांनी राखून दिलेले सुमारे ३७०० एकर, जमीन सगळ्यांची मिळून, बाहेरच्याला विकता येत नाही. तिथे एक बाई लारूमाच्या (वेतासारखी वनस्पती) पट्ट्यांची टोपली विणत होती. काळा रंग कुठला म्हणून विचारलं, तर म्हणाली, पट्ट्या चिखलात पुरून ठेवतो. शेजारी मोठ्या लोखंडी तव्यावर कसाव्याची (साबुदाण्याच्या कंदाची) भाकरी भाजत होते. तेवढ्यात आमच्यातल्याच एकाने विचारलं, "नाच कधी सुरू होणार?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि घाटवाट, तो माणूस क्रूझचा नव्हता बरं का. दहा दिवस राहायला आलेला.

हिशेबी: पण पर्यटकांसाठी त्यांचं नमुना गाव आहे ना, तिथे नाच दाखवतातच. मग विचारलं तर बिघडलं कुठे?

वेताची_टोपली: तिथे विचारा की. ही बाई स्वतःच्या पडवीत बसली होती. २०२३ पासून या देशाच्या राष्ट्राध्यक्ष सिल्व्हानी बर्टन कालिनागोच आहेत, त्या पदावरच्या पहिल्या. त्या समाजाला आपण अजून 'आयटम' समजतो.

घाटवाट: हे मान्य. मुक्काम वाढला म्हणून अक्कल वाढतेच असं नाही. जहाजाबद्दलचं मत मात्र तसंच आहे.

सुलभामावशी: बरं, ते असू दे. तीन-चार रात्री राहायचं म्हटलं तर माझ्या गुडघ्यांना झेपेल असं काही आहे का?

घाटवाट: आहे की. पश्चिम किनाऱ्यालगत स्पर्म व्हेल वर्षभर असतात, बोटीत बसूनच बघायचे. मायामीहून थेट विमान घ्या. विमानतळ ईशान्येला आहे, तिथून रोसोपर्यंत रस्ता वळणावळणाचा, उलटीची गोळी आधीच घ्या. आणि चांदीचं काही घालू नका.