दूध-चॉकलेट आणि हेझलनट : सगळ्यांना एकाच फूटपट्टीने गुण द्यावेत का?

मृण्मयी

नमस्कार. साताऱ्यातील आमच्या वाचनकट्ट्याने डिसेंबरच्या बैठकीत पुस्तकांना सुट्टी देऊन हेझलनट घातलेल्या चॉकलेटांची चव घ्यायची आणि त्यांना रीतसर गुण द्यायचे, असे ठरवले आहे. कोणाची भाची, कोणाचा जावई परदेशातून आल्यामुळे माल बऱ्यापैकी जमला आहे : इटलीतील तोरिनो शहराचे जांदुयोत्ती (वाटलेले हेझलनट मिसळलेली छोटी चॉकलेटे; एकवचनी जांदुयोत्तो), सोनेरी कागदातील फेरेरो रोशेर, अख्खे हेझलनट असलेली रिटर स्पोर्टची चौकोनी वडी, व्हिएन्नाच्या मानर कंपनीची वेफर्स आणि इथल्याच दुकानात मिळणारी दोन देशी चॉकलेटे.

गुणपत्रिकेचा कच्चा आराखडा मी असा केला आहे : रूपाला १०, वासाला २०, पोताला २०, चवीला ४० आणि गिळल्यानंतर मागे रेंगाळणाऱ्या चवीला १०, असे एकूण १०० गुण. तरीही मनात शंका आहे. वेफर्स आणि सलग वडी यांची बेरीज शेजारी शेजारी मांडून त्यातून पहिला क्रमांक काढणे कितपत न्याय्य ठरेल? शिवाय वेष्टण पाहताच मंडळींचे मत आधीच तयार होते, हे टाळण्यासाठी काय करावे आणि दोन नमुन्यांच्या मध्ये तोंड कशाने स्वच्छ करावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

अन्नतंत्र

मृण्मयीताई, मी मिठाई-उद्योगातील प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे चव घेणे हा माझ्या नोकरीचाच भाग आहे. आपला आराखडा वाईट नाही, पण त्यात हेझलनटसाठी स्वतंत्र रकानाच नाही आणि माझ्या मते हीच त्यातली सर्वांत मोठी उणीव आहे. या प्रकारातील बहुतेक माल चॉकलेटमुळे नव्हे, तर दाण्यामुळे तरतो किंवा बुडतो.

हेझलनटमध्ये सुमारे ६० टक्के स्निग्धांश असतो आणि त्यातील बराचसा भाग ओलेइक आम्ल या मेदाम्लाचा असतो. दाणा भाजला की त्याचा ओळखीचा सुगंध खुलतो; त्या सुगंधामागे मुख्यतः फिल्बरटोन नावाचे संयुग असते आणि भाजताना त्याचे प्रमाण वाढते. मात्र भाजलेला, त्यातही बारीक केलेला दाणा हवेच्या संपर्कात लवकर खवट होतो. म्हणून वडीतला एक अख्खा दाणा बाहेर काढून सुरीने मधोमध कापावा आणि उजेडात पाहावा. आतपर्यंत एकसारखा फिकट सोनेरी रंग असेल, तर भाजणी चांगली झाली आहे असे समजावे. बाहेरून फिकट आणि गाभ्यात तपकिरी डाग असेल, तर दाणा जुना असण्याची किंवा नीट वाळवला गेला नसण्याची शक्यता धरावी. अंगाला चिकटून राहिलेली साल कडवट-तुरट लागते. थोडी साल काहींना आवडते, परंतु तो तुरटपणा चॉकलेटच्या नावे जमा होऊ नये. यासाठीच अख्ख्या दाण्याच्या वडीचे प्रत्येकाला दोन तुकडे द्यावेत, एक दाण्यासह आणि एक निव्वळ चॉकलेटचा.

आता चॉकलेटकडे येतो. कोको बटर सहा निरनिराळ्या स्फटिकरूपांत गोठू शकते आणि त्यातील पाचवे रूप साधारण ३३ ते ३४ अंश सेल्सिअसला, म्हणजे तोंडातील उष्णतेच्या किंचित खाली, वितळते. टेंपरिंग म्हणजे नेमके हेच रूप मिळवण्याची खटपट. ते साधले की वडी चकाकते, खटकन मोडते आणि जिभेवर झटकन विरघळते. हेझलनटचे तेल मात्र खोलीच्या तापमानालाही द्रव असते; ते चॉकलेटमध्ये मिसळले की चॉकलेट मऊ पडते, आणि तेच तेल दाण्यातून किंवा सारणातून हळूहळू बाहेरच्या थरात झिरपले की वडीवर पांढरट छटा येते. ती बुरशी नव्हे आणि त्याने अपायही होत नाही, पण पोत मात्र बिघडलेला असतो, म्हणून रूपाचे गुण कापायला हरकत नाही.

दुधाच्या चवीतही दोन घराणी आहेत. स्वित्झर्लंडमध्ये डॅनिएल पेटर यांनी १८७५ मध्ये दूध-चॉकलेट तयार केले आणि तिकडे पुढे दुधाची भुकटी वापरण्याची पद्धत रुळली. त्या चॉकलेटमध्ये ताज्या, गोडसर दुधाची चव लागते. ब्रिटिश पद्धतीत दूध, साखर आणि कोको एकत्र आटवून, वाळवून त्याचा चुरा करतात आणि मग त्यापासून चॉकलेट बनवतात. त्यातील शिजलेल्या दुधाचा स्वाद आपल्याला थेट खव्याची आठवण करून देतो. यातले कोणते श्रेष्ठ, हा वाद निष्फळ आहे, पण परीक्षकांना हा फरक आधी सांगून ठेवला, तर «वेगळे लागते» याचा अर्थ «वाईट आहे» असा होत नाही.

व्यवहारातल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. माल फ्रिजमध्ये असेल, तर वेष्टण न उघडता आदल्या रात्री बाहेर काढावा. गार चॉकलेटवर दमट हवेतील पाणी जमते, त्यात साखर विरघळते आणि पाणी सुकल्यावर खरखरीत थर उरतो. चव २० ते २२ अंशांच्या खोलीत घ्यावी, जे साताऱ्यात डिसेंबरमध्ये अवघड जाऊ नये. तोंड धुण्यासाठी पाणी कोमट हवे, कारण थंड पाण्याने तोंडातील कोको बटर घट्ट होऊन टाळूला चिकटून बसते. सोबत साध्या पावाचा तुकडा पुरे. चहा सगळे आटोपल्यावरच द्यावा.

तोरिनोवासी

मी गेली काही वर्षे नोकरीनिमित्त तोरिनोमध्ये राहतो. जांदुयोत्तोला या स्पर्धेत कसे बसवायचे, एवढ्यापुरते लिहितो.

आपल्या पत्रिकेप्रमाणे «पोत» या रकान्यात वडी खटकन मोडते का, हे पाहिले जाईल आणि त्यात जांदुयोत्तोचा बळी जाईल. उलट्या ठेवलेल्या होडीसारखा त्याचा आकार असतो आणि तो सोनेरी किंवा रंगीत कागदात एकेक करून गुंडाळलेला असतो. कागद उलगडून दोन बोटांनी दाबला, तर तो मोडण्याआधी दबतो, दातांखाली कसलाही आवाज होत नाही आणि जिभेवर ठेवला की चावण्याची गरजही उरत नाही. हेझलनट इतके बारीक वाटलेले असते, की दाण्याचा कण जिभेला जाणवला, तर तेच वैगुण्य मानावे. म्हणजे अख्ख्या दाण्याच्या वडीत जो गुण, तोच इथे दोष.

याच्या जन्माची नेहमी सांगितली जाणारी हकीकत अशी : नेपोलियनने १८०६ मध्ये ब्रिटनच्या व्यापाराची नाकेबंदी केल्यावर कोको दुर्मीळ आणि महाग झाला आणि तोरिनोभोवतीच्या पिएमोंते प्रांतातील कारागिरांनी तिथल्या लांगे टेकड्यांवर मुबलक पिकणारे हेझलनट वाटून त्यात मिसळायला सुरुवात केली. काफारेल या तोरिनोच्या कंपनीने १८६५ मध्ये कागदात गुंडाळलेले जांदुयोत्तो बाजारात आणले आणि त्याला जांदुया या कार्निव्हलमधील स्थानिक मुखवटाधारी पात्राचे नाव मिळाले. टंचाईतून निघालेली पळवाट पुढे त्या गावाची ओळख होऊन बसली, ही गोष्ट मला फार आवडते.

मात्र आपल्या विषयाशी थेट संबंध असलेला मुद्दा वेगळाच आहे. जुन्या पद्धतीच्या जांदुयोत्तोत दूध नसतेच. त्यात साखर, कोको आणि हेझलनट एवढेच घटक असतात. आज अनेक कारखाने दुधाची भुकटी घालतात आणि «खऱ्या» जांदुयोत्तोत ती चालावी की नाही, यावर इथल्या उत्पादकांमध्ये चांगलीच जुंपलेली आहे. युरोपीय नियमांत दोन्ही प्रकार मान्य आहेत : साध्या जांदुया चॉकलेटमध्ये (म्हणजे हेझलनट वाटून मिसळलेल्या चॉकलेटमध्ये) १०० ग्रॅममागे २० ते ४० ग्रॅम, तर दुधाच्या जांदुयामध्ये १५ ते ४० ग्रॅम बारीक वाटलेले हेझलनट असावे लागते. त्यामुळे आपल्याकडे आलेल्या पाकिटावरील घटकांची यादी आधी वाचा. त्यात दूध नसेल, तर त्याला दूध-चॉकलेटांच्या रांगेत उभे करून «दुधाची चव कमी» म्हणून गुण कापणे योग्य होणार नाही.

माझी सूचना अशी, की तीन गट करावेत : सलग वाटलेला जांदुया, दाणे असलेली वडी आणि थरांचे किंवा सारणाचे पदार्थ. क्रमांक गटातल्या गटातच लावावा.

सडेतोड

वरील प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत यात वाद नाही, परंतु कट्ट्यावरील मंडळींच्या हाती १०० गुणांचा तक्ता दिला, की सगळे जण ७२ आणि ७८ यांच्या दरम्यान घुटमळणार आणि त्या सहा गुणांतून कोणालाही काही कळणार नाही, हे मी खात्रीने सांगतो. त्याऐवजी दोन-दोन तुकडे समोर ठेवून «यातला कोणता पुन्हा खाल?» एवढेच विचारावे. जो नमुना अधिक जोड्यांमध्ये जिंकेल, तो वरचा. या पद्धतीत आकड्यांचा आव कमी आणि निकालाचा भरवसा जास्त.

दुसरे म्हणजे गोडाचे. पहिल्या घासाला जे अधिक गोड असते, ते हमखास जिंकते आणि तिसऱ्या घासाला त्याचाच कंटाळा येतो. म्हणून मत पहिल्या तुकड्यावर नोंदवू नये. थोड्या वेळाने त्याच नमुन्याचा दुसरा तुकडा खाऊन मगच लिहावे. आणि प्रत्येकाला नमुने वेगवेगळ्या क्रमाने द्यावेत, नाहीतर भुकेल्या पोटी पहिला आलेला नमुनाच भाग्यवान ठरतो.

मृण्मयी

सर्वांचे मनापासून आभार. गट करण्याची सूचना पटली. पाकिटे तपासली, तोरिनोच्या जांदुयोत्तीत दुधाची भुकटी आहे, त्यामुळे तो प्रश्न आमच्यापुरता मिटला. जोड्यांची पद्धत गटातील क्रमांकासाठी वापरावी आणि अन्नतंत्र यांनी सांगितल्याप्रमाणे दाण्याची नोंद शब्दांत, वेगळ्या रकान्यात करावी, असा विचार आहे.

दोन शंका उरल्या आहेत. फेरेरो रोशेर कापून वाटावा की अख्खा द्यावा? आणि एका देशी चॉकलेटच्या घटकांत कोको बटरच्या जोडीने वनस्पतिजन्य तेलही लिहिलेले आहे. त्याला स्पर्धेत ठेवावे का?

अन्नतंत्र

रोशेर अख्खाच द्यावा. मध्ये एक दाणा, त्याभोवती हेझलनटचे मऊ सारण, मग वेफरचे पातळ कवच आणि वरून भरड दाणे मिसळलेले दूध-चॉकलेट, अशी त्याची रचना आहे आणि हे सगळे एकाच घासात एकमेकांवर फुटावे, हेच त्यामागचे गणित आहे. सुरी लावली की वेफरचा चुरा होतो आणि सारण उघडे पडते. त्याचे चॉकलेट वेगळे करून चाटून पाहणारे परीक्षक मी पाहिले आहेत. त्यांना काय गवसते, ते तेच जाणोत. मानरची वेफर्स मात्र मी यादीतून वगळेन. मूळ प्रकारात हेझलनट-कोकोच्या सारणाचे थर असतात, वरून चॉकलेटचा लेप नसतो. तो पदार्थ चांगला आहे, पण त्याची स्पर्धा बिस्किटांशी आहे.

तेलाविषयी बोलायचे, तर ते कोणते आणि किती, यावर सारे अवलंबून आहे. कोको बटर जवळजवळ पूर्ण काढून त्याजागी स्वस्त घट्ट तेल वापरलेले असेल, तर ते तोंडात नीट वितळत नाही आणि टाळूवर मेणचट थर सोडते; असा माल वेगळा ठेवावा. पण तेलाचा उल्लेख दिसला म्हणून लगेच नाक मुरडू नये. युरोपीय संघात चॉकलेटमध्ये ५ टक्क्यांपर्यंत ठरावीक सहा वनस्पतींचे स्निग्ध पदार्थ चालतात आणि त्या यादीत पाम व शिया या आफ्रिकी झाडाबरोबर आपला साल वृक्ष, आंब्याची कोय आणि चक्क कोकमही आहे.

रत्नागिरीकर

कोकमाचे नाव निघाल्यामुळे राहवले नाही. आमच्याकडे कोकमाच्या बियांपासून काढलेले भिरंडेल थंडीत फुटलेल्या टाचांना लावतात. ते खोलीत घट्ट गोळ्यासारखे असते आणि कोको बटरपेक्षाही थोड्या जास्त उष्णतेला वितळते, त्यामुळे उन्हाळ्यात मऊ पडणाऱ्या चॉकलेटला ते ताठ ठेवते, यात नवल नाही.

मृण्मयीताई, एक महत्त्वाची बाब कोणीच लिहिलेली नाही. बैठकीच्या निमंत्रणातच हेझलनट, दूध आणि गहू यांचा स्पष्ट उल्लेख करावा आणि कोणाला कठीण कवचाच्या फळांची ॲलर्जी आहे का, हे आधी विचारून घ्यावे. आपल्याकडे हेझलनट फारसे खाल्ले जात नाही, त्यामुळे आपल्याला ते बाधते हे एखाद्याला ठाऊकच नसते. काजू किंवा अक्रोड खाल्ल्यावर कोणाच्या घशाला खाज सुटत असेल, तर त्या व्यक्तीने चव घेऊ नये. जोड्यांचा निकाल लिहून घेण्यासाठी कोणीतरी लागणारच आहे.