मदत हवी आहे: 'मेडशेन इन युनिफॉर्म'ची सबटायटल्स जुळत नाहीत

वाचनवेडी: शनिवारी वाचनालयात दिग्दर्शिका लेओन्तीने सागान यांचा हा जर्मन सिनेमा दाखवायचाय. सबटायटल्स जुळत नाहीत. व्हीएलसी प्लेअरमध्ये पुढे-मागे करून झालं. लवकर सांगा, तीनच दिवस उरलेत.

रिळवाला: कुठला? नटी रोमी श्नायडरचा असेल तर तो १९५८ चा रंगीत, त्याची सबटायटल्सची फाइल वेगळी.

वाचनवेडी: सागान लिहिलंय ना! १९३१ चा, कृष्णधवल.

गोदाकाठ: सबटायटल्स कशाला? आमच्या मंडळात मी आधी गोष्ट सांगतो. पॉट्सडॅमची निवासी शाळा, आईवेगळी मानुएला, शिक्षिका फॉन बेर्नबुर्गबाईंवर जडलेला तिचा जीव. पडद्यावर एकही पुरुष नाही. लोकांना कळतं सगळं.

वाचनवेडी: नाही कळत. मुलींची उपासमार होतेय आणि मुख्याध्यापिका म्हणते, शिस्त आणि भूक यांनीच आपण पुन्हा मोठे होऊ. हिटलर यायच्या दोन वर्षं आधीचं आहे हे. ते वाक्य चुकवून कसं चालेल?

जुनंसोनं: दिग्दर्शनात कार्ल फ्रोलिश यांचाही हात होता. पोस्टरवर त्यांचंही नाव घाला.

मेघना_प: ते कलात्मक देखरेखीला होते. क्रिस्टा विन्सलोचं हे नाटक बर्लिनच्या रंगमंचावर सागाननीच बसवलं होतं. बाईचं काम दिसलं की मागे पुरुष शोधायचाच का?

जुनंसोनं: श्रेयनामावलीत आहे ते सांगितलं. आपल्याकडच्या दिग्दर्शिका फात्मा बेगमचा बोलपट दाखवा त्यापेक्षा.

मेघना_प: 'बुलबुल-ए-परिस्तान' १९२६ चा, मूकपट आहे तो.

रिळवाला: मूळ प्रश्नाकडे या. फाइल पहिल्यापासून चुकते की हळूहळू?

वाचनवेडी: सुरुवातीला बरोबर असते. तासाभराने अडीच मिनिटं मागे. डीव्हीडी युरोपातली, फाइल नेटवरची.

रिळवाला: हे आधी सांगायचं! ती डीव्हीडी सेकंदाला २५ फ्रेमने पळते, फाइल २४ ची आहे. नुसतं सरकवून भागणार नाही, फरक वाढतच जाणार. 'सबटायटल एडिट' या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट २४ वरून २५ करा.

सिनेखूळ: हॉलिवूडची दिग्दर्शिका डॉरोथी आर्झनर पण बघा. 'द वाइल्ड पार्टी', १९२९. नायिका क्लारा बो हिला मोकळं फिरता यावं म्हणून माइक मासेमारीच्या काठीला टांगला होता.

वाचनवेडी: रिळवाला, जमलं! शेवटपर्यंत तपासलं. जिन्यावर सगळ्या मुली मानुएलाला हाका मारत शोधतात, तिथे नुसतं नाव उमटतं, अगदी हाकेबरोबर. फार आभार.

गोदाकाठ: वाचनालय कुठलं? येईन म्हणतो.