फ्रीबीएसडी 14 : मदरबोर्डवरचे साउंड कार्ड दिसत नाही, फक्त एचडीएमआय दिसते

संग्रहसेवक, पंचवटी (नाशिक)

नमस्कार. आमच्या भागातील एका लहान वाचनालयाचा ध्वनिसंग्रह मी सांभाळतो. गोदाघाटावर आणि शहरातील सभागृहांत झालेल्या जुन्या व्याख्यानांच्या कॅसेटी आमच्याकडे आहेत आणि पावसाळ्यातील ओलाव्याने त्यांपैकी काहींच्या फितीवर बुरशी धरू लागली आहे, म्हणून त्या आता संगणकावर उतरवून घेणे पुढे ढकलता येणार नाही. वाचनालयाच्या सर्व फायली ज्या संगणकावर राहतात त्यावर फ्रीबीएसडी 14 ही ऑपरेटिंग सिस्टिम असून दोन डिस्कचा झेडएफएस मिरर (दोन्हींवर तीच माहिती) केलेला आहे. ध्वनिमुद्रणही याच संगणकावर थेट करता आले, तर फायली इकडून तिकडे नेण्याची गरज उरणार नाही.

अडचण अशी आहे की, मदरबोर्डच्या मागे हिरवा, निळा आणि गुलाबी असे तीन जॅक असूनही त्यांपैकी कोणताच काम करत नाही. '/डेव्ह/एसएनडीस्टॅट' ही ध्वनी उपकरणांची यादी देणारी फाइल वाचली असता पीसीएम0 पासून पुढे (पीसीएम म्हणजे एकेक ध्वनी उपकरण) काही नोंदी दिसतात, परंतु त्या सर्व ग्राफिक्स कार्डाच्या एचडीएमआयच्या आहेत आणि प्रत्येकीपुढे केवळ 'प्ले' (आवाज ऐकवणे) असे लिहिलेले आहे. 'रेक' (मुद्रण) कोठेही नाही. 'केएलडीलोड' वापरून 'एसएनडी_ड्रायव्हर' हे मॉड्यूल चढवून पाहिले, त्यानेही यादीत भर पडली नाही. दोष ड्रायव्हरचा आहे, मांडणीचा आहे की मदरबोर्डचा, हे कसे ओळखावे?

सातपूरकर

मी लिनक्स वापरतो, त्यामुळे त्या अनुभवावरून सांगतो. अशा वेळी प्रथम 'एप्ले' या कमांडला 'एल' हा पर्याय देऊन कार्डांची यादी पाहावी, नंतर 'अल्सामिक्सर' उघडून एफ6 दाबून योग्य कार्ड निवडावे आणि ज्या पट्टीखाली दोन 'एम' दिसतात ती 'एम' कळ दाबून मोकळी करावी. पुष्कळदा कार्ड उत्तम चालत असते, फक्त ती पट्टी बंद असते. आपले लॉगिन 'ऑडिओ' गटात आहे का, तेही तपासावे.

मखमलाबाद नाका

सातपूरकरांनी सांगितलेला क्रम लिनक्सवर अगदी योग्य आहे, परंतु त्यातील कमांड फ्रीबीएसडीच्या मूळ मांडणीत सापडणार नाहीत, कारण त्या अल्साच्या आहेत आणि अल्सा हा लिनक्सच्या कर्नलचा, म्हणजे गाभ्याचा, भाग आहे; डिसेंबर 2003 मध्ये आलेल्या 2.6 मालिकेपासून लिनक्सने तीच मुख्य ध्वनिव्यवस्था मानली. त्याआधी लिनक्सवरही ओएसएस ही ध्वनिव्यवस्था होती, जिचा प्रारंभ हानु साव्होलाइनेन यांनी 1992 मध्ये साउंड ब्लास्टर कार्डाच्या ड्रायव्हरने केला होता. फ्रीबीएसडीने स्वतःचा ड्रायव्हर लिहिला, पण कार्यक्रमांशी बोलण्याची पद्धत ओएसएसचीच राखली, म्हणून येथे आजही '/डेव्ह/डीएसपी' या नावाने काम चालते. त्या फाइलला येथे सर्वांना परवानगी असते, त्यामुळे गटाचा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपण 'एसएनडी_ड्रायव्हर' चढवलेत त्याने फरक पडला नाही, हे अपेक्षितच आहे. इंटेलच्या हाय डेफिनिशन ऑडिओ या 2004 च्या मानकाला धरून बनलेल्या बहुतेक मदरबोर्डांना 'एसएनडी_एचडीए' हा एकच ड्रायव्हर लागतो आणि फ्रीबीएसडीसोबत येणाऱ्या जेनेरिक कर्नलमध्ये तो आधीपासून असतोच. आपल्या ग्राफिक्स कार्डाचे एचडीएमआयही त्याच ड्रायव्हरमुळे दिसत आहे, याचा अर्थ ड्रायव्हर जागेवर आहे आणि चालतो आहे. मग मदरबोर्डवरचा ध्वनिनियंत्रकच त्याला दिसत नसावा. कोणतेही मॉड्यूल बदलण्यापूर्वी 'पीसीआयकॉन्फ' ही कमांड 'एल' आणि 'व्ही' हे पर्याय देऊन चालवा आणि तिच्या उत्तरात 'एचडीएसी' या नावाच्या (ध्वनिनियंत्रकांच्या) किती नोंदी आहेत ते पाहा. एकच नोंद असेल आणि ती ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या कंपनीची असेल, तर मदरबोर्डवरचा ध्वनिभाग बायॉसमधून (मदरबोर्डच्या स्वतःच्या मांडणीतून) बंद केलेला आहे असे समजावे; सर्व्हर म्हणून उभारलेल्या संगणकांत तो पुष्कळदा मुद्दाम बंद ठेवतात. अशा वेळी ऑपरेटिंग सिस्टिममध्ये काहीही केले तरी उपयोग होत नाही.

माझा आग्रह एवढाच आहे की, तपासणी नेहमी खालून वर करावी : आधी नियंत्रक, मग पीसीएम उपकरण, मग मुख्य उपकरणाची निवड, मग मिक्सर (आवाजाच्या पातळ्या) आणि सर्वांत शेवटी कार्यक्रम. इंटरनेटवर सापडलेल्या चार ओळी 'लोडर.कॉन्फ' या मांडणीच्या फाइलमध्ये एकदम घातल्या की, आवाज आला तरी तो कशामुळे आला हे कळत नाही आणि पुढच्या आवृत्तीत तो गेला की सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

संग्रहसेवक, पंचवटी (नाशिक)

मनःपूर्वक आभार. 'एचडीएसी' ची खरोखर एकच नोंद होती. बायॉसमध्ये ऑनबोर्ड ऑडिओ सुरू केल्यानंतर आता यादीत 'रिअलटेक एएलसी887' या नावाच्या दोन नव्या नोंदी आल्या आहेत, एक 'रिअर ॲनालॉग' आणि दुसरी 'फ्रंट ॲनालॉग', आणि दोन्हींपुढे 'प्ले' बरोबर 'रेक' ही लिहिलेले आहे. तथापि ब्राउझरमधून अजून काही ऐकू येत नाही. हेडफोन कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला लावलेला आहे. निळ्या जॅकमधून कॅसेट प्लेअर जोडून घेतलेल्या मुद्रणातही शांतताच आहे.

मखमलाबाद नाका

आता हार्डवेअरची बाजू पूर्ण झाली, उरले आहे ते केवळ मांडणीचे.

पहिली गोष्ट मुख्य उपकरणाची. 'एसएनडीस्टॅट' मध्ये ज्या नोंदीपुढे 'डिफॉल्ट' लिहिलेले असेल, तिकडेच '/डेव्ह/डीएसपी' चा आवाज जातो, आणि आपल्याकडे ती अजून एचडीएमआय असण्याची शक्यता आहे. 'सिसकंट्रोल' या कमांडने 'एचडब्ल्यू.एसएनडी.डिफॉल्ट_युनिट' या नावाला 'रिअर ॲनालॉग' चा क्रमांक द्या आणि तीच ओळ 'सिसकंट्रोल.कॉन्फ' मध्येही लिहून ठेवा, म्हणजे संगणक पुन्हा सुरू केल्यावरही निवड टिकेल. जो कार्यक्रम आधीपासून उघडा आहे तो जुन्याच उपकरणाला धरून राहतो, म्हणून ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडणे आवश्यक आहे. ब्राउझरशिवाय खात्री करायची असेल, तर आवाज अगदी कमी ठेवून 'कॅट' या कमांडने कोणतीही लहान फाइल '/डेव्ह/डीएसपी' कडे पाठवा. खरखर ऐकू आली की कर्नलपासून जॅकपर्यंतचा मार्ग मोकळा आहे हे सिद्ध होते.

दुसरी गोष्ट पुढच्या जॅकची, आणि नवख्या वापरकर्त्यांचा सर्वाधिक वेळ येथेच जातो. विंडोज किंवा लिनक्सवर हेडफोन पुढे लावला की मागचे स्पीकर गप्प होतात, याची आपल्याला सवय असते. फ्रीबीएसडीचा ड्रायव्हर मात्र बायॉसने सांगितलेली पिनांची (चिपपासून जॅकपर्यंतच्या जोडण्यांची) वाटणी प्रामाणिकपणे पाळतो, आणि बायॉसने पुढचा जॅक वेगळ्या गटात टाकलेला असेल तर त्याचे स्वतंत्र पीसीएम उपकरण तयार होते. आपल्याला दोन नोंदी दिसत आहेत त्या यामुळेच, त्यात बिघाड काही नाही. पुढचा जॅक मागच्याच उपकरणात सामील करून घ्यायचा असेल, तर त्याच्या पिनच्या 'कॉन्फिग' मध्ये 'एएस' (गट) ही किंमत मागच्या जॅकच्या गटाची द्यावी आणि 'सेक' (गटातील क्रम) ही किंमत 15 द्यावी. 'सेक' मध्ये 15 हा आकडा हेडफोनसाठी राखलेला आहे. तो दिला की हेडफोन लावताच मागचा आवाज ड्रायव्हर स्वतः बंद करतो.

पिनचा क्रमांक प्रत्येक चिपमध्ये आणि मदरबोर्डमध्ये वेगळा असू शकतो, त्यामुळे दुसऱ्याच्या संगणकावरचा आकडा उतरवून घेऊ नये. 'सिसकंट्रोल' मध्ये 'डेव्ह.एचडीएए' च्या खाली प्रत्येक 'एनआयडी' ची, म्हणजे पिनच्या क्रमांकाची, सध्याची मांडणी वाचता येते. त्यात 'हेडफोन्स' असे वर्णन असलेला क्रमांक शोधा. सुदैवाने हा बदल संगणक बंद न करता करून पाहता येतो : त्या 'एनआयडी' च्या 'कॉन्फिग' मध्ये नवी किंमत लिहावी आणि नंतर त्याच 'एचडीएए' च्या 'रीकॉन्फिग' ला 1 द्यावे, म्हणजे ड्रायव्हर जुनी पीसीएम उपकरणे मोडून नवी बांधतो. त्या वेळी आवाज वापरणारे सर्व कार्यक्रम बंद असावेत. नव्या बांधणीनंतर पीसीएमचे क्रमांक सरकू शकतात, म्हणून मुख्य उपकरणाचा क्रमांक पुन्हा तपासावा. परिणाम मनासारखा झाला, तरच ती ओळ 'डिव्हाइस.हिंट्स' या फाइलमध्ये कायमची करावी.

तिसरी गोष्ट मिक्सरची. आवृत्ती 14 मध्ये 'मिक्सर' ही कमांड नव्याने लिहिलेली असून आवाजाची पातळी आता 0 ते 100 ऐवजी 0 ते 1 या दशांशात देतात, त्यामुळे जुन्या लेखांतील उदाहरणे जशीच्या तशी वापरू नयेत. 'व्हॉल' आणि 'पीसीएम' या दोन्ही पट्ट्या वर आहेत ना, ते पाहा. मुद्रणात शांतता येण्याचे कारण बहुधा असे की, मुद्रणाचा स्रोत 'माइक' वर आहे आणि कॅसेट प्लेअर 'लाइन' वर जोडलेला आहे; 'लाइन' हाच एकमेव स्रोत ठरवून द्या आणि 'रेक' ची पातळी वाढवा. संगणक रीतसर बंद केला, तर ही मांडणी आपोआप जतन होते.

देवळाली कॅम्प

ध्वनिमुद्रणाच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण कॅसेट जीर्ण असेल तर ती पुन्हा पुन्हा वाजवण्याची संधी मिळेलच असे नाही.

कॅसेट प्लेअर निळ्या जॅकलाच जोडावा, गुलाबी जॅकला कधीही नाही. गुलाबी जॅक माइकच्या क्षीण संकेतासाठी असतो आणि त्यामागे प्रवर्धक असतो, त्यामुळे प्लेअरचा जोरकस संकेत तेथे फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर कोणत्याही उपायाने दुरुस्त होत नाही. प्लेअरला लाइन आउट असेल तर तेच वापरावे. केवळ हेडफोनचा जॅक असेल, तर त्याचा आवाज मध्यम ठेवून सर्वांत मोठ्या आवाजाच्या वेळीही पातळी उणे 6 डेसिबलच्या आसपास राहील असे पाहावे. टाळ्यांचा कडकडाट भाषणापेक्षा बराच मोठा असतो, म्हणून पातळी ठरवताना व्याख्यानाचा शेवट ऐकावा, प्रारंभ नव्हे.

मुद्रण 48000 हर्ट्झ, 16 बिट, दोन चॅनेल असे घ्यावे. फ्रीबीएसडीच्या आभासी चॅनेलांचा (ज्यांमुळे अनेक कार्यक्रम एकच उपकरण वापरू शकतात) दरही मुळात 48000 च असतो, त्यामुळे मध्ये अनावश्यक रूपांतर होत नाही. या हिशेबाने एका तासाला सुमारे 690 एमबी आणि 90 मिनिटांच्या एका कॅसेटला साधारण एक जीबी जागा लागते. नंतर फ्लॅक या फाइल प्रकारात साठवले की गुणवत्ता न गमावता जागा बरीच वाचते. मूळ प्रतीवर खरखर काढण्याची प्रक्रिया करू नये. ती ऐकण्याच्या प्रतीवर करावी आणि मूळ तशीच राखावी, कारण पुढच्या पिढीकडे याहून चांगली साधने असतील.

बुरशी आलेली कॅसेट प्लेअरमध्ये घालण्यापूर्वी जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी, अन्यथा तीच बुरशी हेडमार्गे पुढच्या कॅसेटींना लागते. प्लेअरचे हेडही आयसोप्रोपिल अल्कोहोलने अधूनमधून पुसावे.

संग्रहसेवक, पंचवटी (नाशिक)

दोघांच्याही मार्गदर्शनाने काम मार्गी लागले. 'लाइन' हा स्रोत ठरवताच मुद्रणात आवाज आला आणि पुढचा हेडफोन जॅकही 'सेक' ला 15 दिल्यावर मागच्या उपकरणात सामील झाला. एक शंका उरली आहे : शांत जागी बारीकशी गुणगुण ऐकू येते, आणि ती कॅसेट थांबवल्यावरही चालूच राहते.

देवळाली कॅम्प

कॅसेट थांबवल्यावरही ती राहते, म्हणजे फितीत नाही हे निश्चित. ही बहुधा वीजपुरवठ्याच्या 50 हर्ट्झची आहे आणि प्लेअर व संगणक वेगवेगळ्या सॉकेटवर असले की अर्थिंगच्या फरकातून ती येते. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, त्या बोर्डला अर्थिंग खरोखर आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि जोडणारी केबल शक्य तितकी आखूड ठेवून विजेच्या वायरींपासून दूर न्या. संगणकाची अर्थिंगची पिन काढून गुणगुण घालवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कृपया मानू नये. त्यात विजेचा धक्का बसण्याचा धोका आहे. एवढे करूनही ती राहिली, तर यूएसबीचा बाहेरचा ऑडिओ इंटरफेस घ्यावा. यूएसबी ऑडिओच्या सर्वसाधारण मानकाला धरून असलेले उपकरण 'एसएनडी_यूऑडिओ' या ड्रायव्हरवर चालते. खरेदीपूर्वी ते विशेष ड्रायव्हर मागत नाही ना, एवढे दुकानदाराकडून विचारून घ्यावे.