अनुभव धागा: लिनक्सवर उरलेली रॅम तुम्ही कशाला लावता?

गेल्या महिन्यात डेस्कटॉपची रॅम ८ जीबीवरून ३२ केली. लिनक्स मिंट, ब्राउझरचे वीसेक टॅब, लिबरऑफिस, सगळं उघडलं तरी ७ जीबीच्या वर जात नाही. उरलेली कशाला वापरावी? ठाणे-नवी मुंबईकरांनो, स्वतः करून पाहिलेलंच लिहा.

नौपाडा
आधी ती खरंच पडून आहे का ते बघा. टर्मिनलमध्ये 'फ्री' कमांड दिली की 'अव्हेलेबल' रकाना वाचा, 'फ्री' रकाना नाही. एकदा वाचलेल्या फायली कर्नल (लिनक्सचा गाभा) रॅममधल्या पेज कॅशमध्ये ठेवतो आणि एखाद्या प्रोग्रामने मागितलं की ती जागा लगेच सोडतो. मी नेटवर वाचून दर तासाला कॅश रिकामी करणारी स्क्रिप्ट लावली होती. जुन्या फोटोंचं फोल्डर दर वेळी रखडत उघडायचं. स्क्रिप्ट काढली, आता दुसऱ्यांदा उघडताना वाट बघावी लागत नाही. कोणी लावली असेल तर आजच काढा.

घणसोली
मी सी++ प्रोजेक्ट बिल्ड करतो, म्हणजे सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवतो. १२ जीबीचं टीएमपीएफएस, म्हणजे रॅममध्येच राहणारं आणि लाइट गेली की पुसलं जाणारं फोल्डर, माउंट केलं. (आकार दिला नाही तर ते निम्म्या रॅमपर्यंत वाढू शकतं, पण भरलं असेल तेवढीच रॅम खातं.) सोर्स, बिल्ड, सगळं त्यातच हलवलं. वेळ जेमतेम काही सेकंदांनी वाचला. कारण उघड आहे: सोर्स फायली आधीच पेज कॅशमध्ये होत्या आणि अडत होतं ते प्रोसेसरपाशी. मग वळवाच्या पहिल्या पावसात लाइट गेली. दुपारभराचं काम गेलं, कमिटही (कामाची कायमची नोंद) केलं नव्हतं. फार वाईट वाटलं. आता सोर्स डिस्कवर आणि फक्त बिल्डमध्ये तयार होणाऱ्या ऑब्जेक्ट फायली टीएमपीएफएसमध्ये. त्या गेल्या तर पुन्हा बनतात, आणि एसएसडीवरचं लिखाण तेवढं वाचतं. लाइट गेल्यावर हळहळ वाटेल असं काहीही तिथे ठेवू नका.

कळवा
ब्राउझरची कॅश रॅममध्ये नेली. जुन्या हार्ड डिस्कवर फरक जाणवला, एसएसडी बसवल्यावर नाही.

नेरूळ
माझ्या मते सर्वात चांगला उपयोग व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे लिनक्सच्या आतच दुसरी सिस्टिम चालवण्याचा. आमच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. पूर्वी त्यासाठी रीबूट करून विंडोजमध्ये जायचो. आता केव्हीएममध्ये (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीनची सोय) विंडोजला ८ जीबी दिलेत, दोन्ही एकदम चालतात. त्याला कमी देऊ नका, ४ जीबीवर आमचं फारच अडखळत होतं.

वाशी
माझ्याकडे उरतच नाही, ८ जीबीच आहे. फेडोरा लिनक्स वापरते. त्यात २०२० च्या ३३ व्या आवृत्तीपासून झेडरॅम आपोआप चालू असतं: रॅम भरत आली की मजकूर डिस्कवर हलवण्याऐवजी (त्याला स्वॅप म्हणतात) दाबून रॅममध्येच ठेवतं. मुलाची ऑनलाइन शिकवणी आणि माझं काम एकाच मशीनवर निभतंय. घणसोलीकरांना एक विचारायचंय: रॅम कमी पडली की टीएमपीएफएसमधला मजकूरही स्वॅपमध्ये जातो. तुम्ही स्वॅप किती ठेवलाय?

घणसोली
४ जीबी. अजून त्याला हात लागलेला नाही.