तेरा वर्षांचा मुलगा केस कापायचे म्हणतोय. शीख मंडळी, तुमच्याकडे काय केलं?

गोदाकाठची_कौर

आम्ही मूळचे नांदेडचे, दख्खनी शीख. घरात दख्खनी हिंदी, बाहेर मराठी, पंजाबी अरदाशीपुरती, म्हणजे प्रार्थनेपुरती. नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षांपासून चिंचवडला असतो. मुलगा आठवीत आहे आणि अख्ख्या शाळेत पटका (मुलं केसांवर बांधतात तो फडका) बांधणारा तो एकटाच.

नांदेडला असं काही नव्हतंच. तिथं प्रत्येक वर्गात दोन-चार जुडे, म्हणजे डोक्यावर केसांची गाठ असलेली पोरं. होळीला तख्तावरून, म्हणजे तिथल्या मोठ्या गुरुद्वाऱ्यातून, हल्ला ही आमची मिरवणूक निघाली की बिनजुड्याची पोरंही आमच्या पोरांच्या ओळखीनं पुढं घुसायची. इथं व्हॅनमध्ये मागच्या सीटवरून जुडा दाबतात आणि तोंडानं बेलचा आवाज काढतात. दुपारच्या सुट्टीत 'बारा वाजले का रे' ठरलेलं. आता त्यात मोबाईलवरचा गेम. नावात सिंग दिसलं की समोरचा थेट 'खलिस्तानी' लिहितो. परवा मला विचारलं, "मम्मी, म्हणजे काय?" मी काहीतरी सांगितलं, पण त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की मोबाईलवर त्यानं आधीच सगळं वाचलंय.

रविवारी केस धुतल्यावर माझ्याकडे पाठ करून बसला होता. कंगव्यानं गुंता काढत होते तेवढ्यात म्हणाला, "कापून टाकू या ना. फक्त शाळेपुरते." मला हसू आलं आणि पोटात गोळाही आला.

सासऱ्यांना फोनवर कुणकुण लागली. ते म्हणाले, "गुरु गोबिंदसिंगांच्या साहिबजाद्यांनी, एवढ्याशा पोरांनी, भिंतीत चिणून घेतलं, आणि याला व्हॅनमधली पोरं भारी पडली?" त्यानंतर मुलगा आजोबांच्या फोनवर येतच नाही.

इथल्या गुरुद्वाऱ्यात ग्यानीजी कथा करतात ती ठेठ पंजाबीत, पोराला निम्मी कळते. कमिटीतले काका भले आहेत, पण विषय काढला की भाषण सुरू. कृपा करून 'घरात संस्कार वाढवा' एवढंच लिहू नका.

लड_बिघडली

ताई, फतेह. मी बी नांदेडचाच, सध्या हिंजवडीत नोकरीला.

सगळ्यात वाईट वय हेच बगा. पटका लहान पोराचा वाटायलाय आणि पगडी अजून बांधता येत नाही. माझंही आठवी-नववीत असंच झालतं. पटका सोडून दस्तार, म्हणजे पगडीच, सुरू केली अन् जुडा दाबणं आपोआप बंद झालं, कारण दाबायला वर काही राहिलंच नाही.

पण हे वडिलांनी शिकवू नये, राग मानू नका. बाप शिकवायला लागला की परीक्षा होते. मला गुरुद्वाऱ्यातल्या एका कॉलेजच्या पोरानं शिकवलं. लंगरची भांडी घासून झाली की आम्ही मागच्या ओट्यावर जायचो. कापडाचं एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या, ताणून पूणी करायची, म्हणजे लांबीत घड्या घालायच्या. पहिल्यांदा तासभर लागायचा आणि लड, म्हणजे पगडीचा एकेक थर, एका बाजूला घसरायची. तेवढ्या वेळात तो बाकीचं बी सांगायचा. शाळेत त्याला काय म्हणायचे, कुणाला उलटं बोलला, कुठं गप्प बसला. असल्या गोष्टी घरी कोण विचारतं?

म्हणून कमिटीकडं जाऊच नका. पोराला भांडी घासायच्या रांगेत उभं करा, तिथं पंचविशीच्या आतली पोरं असतातच.

क्रिकेट बघतो का? तर त्याला अर्शदीपचं सगळं सांगा. नुसता २०२४ चा वर्ल्ड कप नको. २०२२ च्या आशिया कपात पाकिस्तानविरुद्ध झेल सुटला, तर रात्रीतून लोकांनी त्यालाही हेच नाव ठेवलं होतं, जे तुमच्या पोराला ठेवायलेत. अन् त्या रात्री पत्रकारांपुढं कोहली त्याच्या बाजूनं बोलला. पोराच्या वर्गात असा एक कोहली शोधा. एक पुरतो.

बाराखडी_बाई

मी शीख नाही, माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. तरी लिहिते.

जुडा दाबणं याला मस्करी म्हणू नका, शाळेलाही म्हणू देऊ नका. दुसऱ्याच्या अंगाला हात लावणं आहे ते. मुख्याध्यापकांना लेखी द्या: तारीख, व्हॅनचा नंबर, काय झालं. 'मुलं चिडवतात' एवढंच लिहिलंत तर कागद फायलीत जाईल. कायद्याची फार आशा धरू नका. सरदारजींवरच्या विनोदांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली होती. लोकांनी कसं वागावं याचे नैतिक नियम आम्ही घालून देऊ शकत नाही, असं न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं. म्हणजे काम वर्गातच करायचं आहे.

आणि एक विनंती. २६ डिसेंबरला त्याच साहिबजाद्यांच्या आठवणीचा वीर बाल दिवस असतो. शाळा त्याला हमखास स्टेजवर बोलावेल. त्यानं स्वतः मागितलं तरच पाठवा. आमच्याकडे एकुलत्या एका शीख मुलाला माइक दिला, पुढे आठवडाभर पोरं त्याला 'वीर बाल' म्हणून हाका मारत होती.

मी संत नामदेव शिकवताना एवढंच करते, की नामदेवांची ६१ पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत हे फळ्यावर लिहिते. आपल्या नरसीचे नामदेव पंजाबात घुमानला राहिले, २०१५ चं साहित्य संमेलन तिथंच झालं, हेही सांगते. कुणाकडे बोट दाखवावं लागत नाही. तास संपल्यावर मुलं आपणहून त्या मुलाला विचारायला जातात, "तुमच्यात पण नामदेव?"

गोदाकाठची_कौर

बाई, पत्र आजच लिहिते. नामदेवांचं त्यालाही माहीत नसेल, घुमानचं तर मलाही नव्हतं.

पण 'खलिस्तानी म्हणजे काय' याचं उत्तर अजून माझ्याजवळ नाही. १९८४ चं किती सांगायचं या वयात?

जुना_सेवादार

बेटी, मी सत्तरीचा आहे, टायपिंग नातीचं आहे.

वरच्या पोरानं चांगलं लिहिलं, पण एक खटकलं. जणू काही प्रश्न कापडाचाच आहे. केस ही गुरूची मोहोर आहे, ते पोराला कुणीतरी सांगितलं पाहिजेच. फक्त टोमण्यातून नको.

नोव्हेंबर १९८४ ला, शिखांवर हल्ले झाले तेव्हा, मी दिल्लीत होतो, ट्रान्सपोर्टच्या धंद्यात. शेजारच्या हिंदू कुटुंबानं तीन रात्री माळ्यावर ठेवलं. चौथ्या दिवशी बाहेर पडायचं तर जुडा ठेवून पडता येत नव्हतं. त्यांच्याच कात्रीनं मी माझे केस कापले. शिवणाची कात्री, बोथट. नांदेडला आलो तेव्हा आईनं दार उघडलं, डोक्याकडं बघितलं आणि आधी जेवायला वाढलं. वर्षभर कुणी विषय काढला नाही. केस वाढले, पुन्हा अमृत छकलं, म्हणजे दीक्षा घेतली.

तुमच्या सासऱ्यांना माझा हा मजकूर वाचून दाखवा. ते माझ्याच वयाचे असतील, त्यांनाही त्या वर्षातलं काहीतरी आठवत असेल. साहिबजाद्यांचं नको, स्वतःचं सांगा म्हणावं, ते किती घाबरले होते ते. तेरा वर्षांच्या मुलाला ते कळतं. खलिस्तान म्हणजे काय, कुणी मागितलं, कुणी नाही, आणि जे कधीच त्या वाटेला गेले नाहीत त्यांनाही ते नाव का चिकटवतात, हे मग आजोबांनीच सांगावं. गेममधल्या पोरांनी सांगण्यापेक्षा बरं.

आणि उद्या त्यानं कापलेच, तर आधी जेवायला वाढा.

गोदाकाठची_कौर

काका, वाचून दाखवलं. सासरे बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, नांदेडहून पुण्याला सकाळची गाडी कितीची आहे. येत्या शनिवारी येतायत.

मुलाला केसांचं काही विचारलेलं नाही. रविवारी गुरुद्वाऱ्यात भांड्यांना जाशील का एवढंच विचारलं, तर म्हणाला, मित्राला नेलं तर चालेल का. व्हॅनमधलाच एक आहे म्हणे.

@लड_बिघडली, कापड कोणतं घेऊ? शाळेचा गणवेश राखाडी आहे.

लड_बिघडली

मित्राला आणू द्या की, लंगर कुणालाही आहे. कापड फुल व्हॉईल घ्या, रुबिया नको, जाड पडतंय शिकायला. पाच मीटर पुरे. नेव्ही ब्लू घ्या, काळा उन्हात तापतो. मी रविवारी अकराला तिथंच असतोय, दुसरं टोक धरतो.